ताण कुणाचा? आखूड गिटारीच्या तारा निवडताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गिटारीच्या तारांचं काय पडलंय, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. पण तारेचा सूर हा तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय आहे. जगाच्या मुळाशी संख्या आहेत, हा पायथागोरसच्या परंपरेचा सिद्धांत तारेवरच उभा राहिला. तेव्हा आज आपण उलट्या वाटेनं जाऊ. तत्त्वज्ञानाकडून निघून दुकानातल्या तारांच्या पाकिटापर्यंत पोहोचू.

यात पणाला काय लागलंय ते आधी सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण छोटी क्लासिकल गिटार घेऊन देतो, म्हणजे नायलॉनच्या तारांची, स्पॅनिश पद्धतीची. दुकानदार मोठ्या गिटारीचाच संच तिच्यावर चढवतो. तारा सैल लागतात, फडफडतात, दाबल्या की सूर चढतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘बोटांत जोर नाही’, कुणी म्हणतं, ‘याला कानच नाही’. सहा महिन्यांत गिटार कपाटावर जाते. प्रत्यक्षात मुलाचा कान बरोबर असतो. सूर चढलाय हे ऐकू येतंय, म्हणूनच ते मूल वैतागलेलं असतं. दोष आहे तो तार आणि लांबी यांच्या जोडीत. जोडीतला दोष एका माणसाच्या माथी मारणं ही साधी गोष्ट नव्हे, मुलाच्या बाबतीत तर नव्हेच.

दुप्पट वजन आणि तीव्र मध्यम

पायथागोरसची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला घणांच्या आवाजात सुसंवाद ऐकू आला. त्यानं घणांची वजनं केली आणि तितकीच वजनं तारांना टांगून तेच स्वर मिळवले, असं ही गोष्ट सांगते. दुप्पट वजन टांगलं की तार षड्ज मिळतो, असा तिचा दावा. शतकानुशतकं ग्रंथांतून ही गोष्ट उतरवली गेली. करून बघण्याची तसदी मात्र फारशी कुणी घेतली नाही.

ती घेतली विन्चेन्झो गॅलिली यांनी. हे गॅलिलिओचे वडील, ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे. 1589 च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की लांबी निम्मी केली तर तार षड्ज मिळतो हे खरं, पण ताणानं तो मिळवायचा तर वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं. दुप्पट वजन टांगलं तर काय ऐकू येईल? सा पासून तीव्र मध्यम. इतकी बेसूर गोष्ट इतका काळ शिकवली गेली!

पुढे 1636 मध्ये मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं, हा देकार्तचा मित्र, सगळा नियम व्यवस्थित मांडला. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि एका मीटरला तारेचं जे वजन भरतं ते. आपल्याला त्यातून एवढंच लक्षात ठेवायचंय: तीच तार, तोच सूर, पण लांबी कमी केली, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. वर्गाच्या! सगळी मेख या शब्दात आहे.

आकडे

मोठ्या क्लासिकल गिटारीत तारेचा वाजणारा भाग, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी, सहसा 650 मिलिमीटर असते. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अन्तोनियो दे तोर्रेस या कारागिरानं जो घाट रूढ केला, त्याच्याबरोबर हे माप स्थिरावलं. गिटारवाले या लांबीला ‘स्केल’ म्हणतात. आपल्याकडे ‘कुठल्या स्केलमध्ये गाता?’ असं विचारतात, ते स्केल वेगळं. आज मी ‘लांबी’च म्हणेन.

या 650 च्या लांबीवर मध्यम ताणाच्या नेहमीच्या संचातली पहिली तार साधारण 0.71 मिलिमीटर जाडीची असते. ती पांढरी तीनला, म्हणजे सेकंदाला सुमारे 330 कंपनांना लावली की तिच्यावर 7 किलोच्या आसपास ताण येतो. सहाही तारांचा मिळून 38 किलोच्या घरात.

आता हाच संच छोट्या गिटारींवर चढवू, सूर तेच ठेवू, आणि काय उरतं ते बघू.

लांबी 630 असेल तर ताण 94 टक्के. बोटांना फरक जेमतेम कळेल.
610 असेल तर 88 टक्के.
580 असेल तर 80 टक्के.
530 असेल तर 66 टक्के. पहिल्या तारेवर 7 च्या जागी साडेचार किलो.
480 असेल तर 55 टक्के, म्हणजे जेमतेम निम्मा.

580 ची गिटार 650 च्या शेजारी ठेवली तर लांबीत दहा-अकरा टक्क्यांचाच फरक दिसतो. पण ताणाचा पाचवा हिस्सा गेलेला असतो. डोळ्याला दिसणारं माप आणि बोटाला जाणवणारं माप वेगळं असतं, ते असं.

नावांचा घोटाळा

दुकानात या गिटारींना ‘थ्री-फोर्थ’, ‘हाफ’ अशी नावं असतात. 650 चे तीन-चतुर्थांश किती होतात? 487. पण थ्री-फोर्थ म्हणून विकली जाणारी गिटार साधारण 580 ची असते, आणि हाफ म्हणतात ती 530 च्या आसपास. थोडक्यात, हा अपूर्णांक गणिताचा नाही. कपड्यांचे ‘मीडियम’, ‘लार्ज’ असतात तसं ते नाव आहे, आणि प्रत्येक कंपनीचं मीडियम निराळं.

म्हणून पहिलं काम: नावावर जाऊ नका, मोजा. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या तारेपर्यंत पट्टी लावा आणि येईल त्याची दुप्पट करा. ती तुमच्या गिटारीची लांबी. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, म्हणून हे जमतं.

दुसरा घोटाळा तारांच्या पाकिटावर असतो. ‘नॉर्मल टेन्शन’, ‘हार्ड टेन्शन’. वाचून वाटतं की ताण हा तारेचा गुण आहे, जसा तिचा रंग किंवा जाडी. पण पाकिटात गुंडाळून ठेवलेल्या तारेवर ताण असतो कुठे? तो शून्य असतो. ताण येतो तार, लांबी आणि सूर एकत्र आल्यावर. वैशेषिकांनी ‘संयोग’ हा असा गुण सांगितला आहे की जो एकाच द्रव्यात राहत नाही, दोन द्रव्यांत मिळून राहतो. ताणाचं काहीसं तसंच आहे. पाकिटावरचं ‘हार्ड’ म्हणजे ‘650 लांबीवर, नेहमीच्या सुरात, आमच्याच नॉर्मलपेक्षा थोडी ताठ’. वाक्याचा मधला भाग छापलेला नसतो, एवढंच.

आणि ती ‘थोडी’ किती? पहिली तार 0.71 ऐवजी 0.72 किंवा 0.74 ची. नॉर्मलच्या वर ताणात चार ते सात टक्के भर. 580 च्या गिटारीवर एक्स्ट्रा हार्ड संच चढवला तर 80 चे 85 टक्के होतात. उपयोग आहे. 530 वर 66 चे 71 होतात. तिथे या उपायावर फार भिस्त ठेवू नये.

चार वाटा

मग करायचं काय? मला चार वाटा दिसतात. त्यांच्यात एक बरोबर आणि तीन चूक असं नाही. कोण वाजवणार आणि कुणाबरोबर, यावर निवड ठरते.

पहिली वाट म्हणजे आखूड लांबीसाठीच बनवलेला संच घेणं. हान्नाबाख, डॅडारिओ यांसारख्या कंपन्या असे संच काढतात. पाकिटावर आकाराचं नाव असतं, काहींवर लांबीचा पल्लाही सेंटिमीटरमध्ये असतो. तुम्ही मोजलेली लांबी त्या पल्ल्यात बसते का, तेवढं बघायचं. मुलासाठी ही सगळ्यात बिनधोक वाट.

दुसरी वाट, सुट्या तारा घेऊन जाडी वाढवणं. हिशेब सोपा आहे. लांबी ज्या पटीत घटली त्या पटीत जाडी वाढवली की ताण पूर्ववत होतो. 530 साठी 650 भागिले 530, म्हणजे 1.23 पट. 0.71 ची पहिली तार 0.87 ची होईल. घरगुती युक्ती अशी की नेहमीच्या संचातली दुसरी तार, साधारण 0.82 ची, पहिलीच्या जागी चढवायची, आणि तिसरी दुसरीच्या जागी. 530 च्या गिटारीवर पहिलीवर सहा किलोच्या आसपास ताण येतो, दुसरीवर साडेपाच. मोठ्या माणसाच्या हाताला हे छान लागतं.

पण मग तिसऱ्या तारेचं काय? इथे अडतं. तिसरी तार मुळातच एक मिलिमीटरहून जाड असते. तिला 1.23 नं गुणलं की सव्वा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर होतो. इतका जाड नायलॉन वाकायला तयार नसतो, त्याचे वरचे स्वरांश सुरात बसत नाहीत, आवाज बोथट येतो. तबल्यावर ओली चादर टाकल्यासारखा. यावर उपाय म्हणजे जड पदार्थ. फ्लुओरोकार्बन, ज्याला बाजारात नुसतं ‘कार्बन’ म्हणतात, तो नायलॉनच्या दीडपटीहून जड असतो. त्यामुळे तेवढंच वजन तीन-चतुर्थांशाहून किंचित जास्त जाडीत बसतं. सव्वा मिलिमीटर नायलॉनचं काम एक मिलिमीटरहून कमी जाडीच्या कार्बननं होतं. ज्यांना फक्त एकच तार बदलायची आहे त्यांनी तिसरी बदलावी, आणि कार्बनची घ्यावी. मासेमारीच्या गळाला लावतात ती फ्लुओरोकार्बनची दोरी वापरणारे हौशी लोकही आहेत. पदार्थ तोच.

एक सावधगिरी. जाड तार नटच्या जुन्या खाचेत नीट बसत नाही, वरच अडकून राहते. खाच कानसून रुंद करावी लागते, आणि रुंद केलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही. म्हणून आधी दोन-चार दिवस वाजवून बघा, मग कानस हातात घ्या.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते: तारा त्याच, सूर वर. 650 च्या गिटारीवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावलात, तर उरलेली तार किती लांबीची असते? 579 मिलिमीटर. म्हणजे 580 ची थ्री-फोर्थ गिटार ही जणू दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावलेली मोठी गिटार आहे. तिला एक पूर्ण स्वर चढवून, पांढरी तीनऐवजी काळी तीनला लावा, नेहमीचा मध्यम संच घाला, आणि ताण जिथल्या तिथे येतो. मूल एकटं वाजवणार असेल तर काहीच बिघडत नाही. वर्गात इतरांबरोबर वाजवायचं असेल तर मोठ्या गिटारवाल्यांनी दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावावा. लहानानं मोठ्यांशी जुळवून घ्यावं, की मोठ्यांनी लहानाशी? इथे मोठ्यांना कॅपोची एक चिमटी लावावी लागते, बस्स.

ही काही आजची पळवाट नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात ‘टेर्त्स’ गिटार वाजवत. आखूड, आणि तीन अर्धस्वर चढी. मावरो जुलियानी यांचा ओपस 70 हा काँचेर्तो याच गिटारीसाठी आहे. मेक्सिकोत लॉस पांचोस या त्रिकुटाच्या आल्फ्रेदो हिल यांनी ‘रेकिन्तो’ लोकप्रिय केला. तो साधारण 540 लांबीचा आणि पाच अर्धस्वर चढा. रेकिन्तोवर मोठ्या गिटारीचा मध्यम संच चढवलात तर ताण उलट 23 टक्क्यांनी वाढतो. त्याच लांबीच्या मुलाच्या गिटारीवर तोच संच सैल पडतो आणि रेकिन्तोवर घट्ट होतो. मघाशी संयोग म्हटलं ते हेच.

आपल्याकडे हे वेगळं शिकवावं लागत नाही. मिरजेचे कारागीर पुरुषी आणि बायकी तानपुरा वेगळा करतात. काळी एकचा तानपुरा मोठा, तारा जाड. काळी चारचा लहान, तारा बारीक. लांबी, सूर आणि जाडी तिन्ही एकत्र ठरतात. मोठ्या तानपुऱ्याच्या तारा लहानावर चढवून कुणी ‘बाईंच्या गळ्यात जोर नाही’ म्हणत नाही.

चौथी वाट म्हणजे काहीच न करणं. तिची थट्टा करू नका. मुलाच्या बोटांना 38 किलोची गिटार हवीच असते असं नाही. आणि छोटी गिटार हलक्या लाकडात बांधलेली असेल तर मोठ्या गिटारीचा पूर्ण ताण तिच्या ब्रिजला आणि पोटाला झेपेलच असंही नाही. ताण 75 ते 85 टक्क्यांपर्यंत आला तरी लहान हाताला पुष्कळ. आपलं काम फडफड थांबवण्याचं आहे, 650 ची नक्कल करण्याचं नाही.

जाडीनं काय सुधारत नाही

आता थोडं बारकाईचं, पण महत्त्वाचं. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. अनेकांचा समज असा की जाड तार घातली की हे थांबेल. मेर्सेनच्या नियमातून बघा. जाडी वाढवली तर ताण वाढतो, पण तारेचा छेदही त्याच पटीत वाढतो. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचा ताण होता तेवढाच राहतो. तो फक्त पदार्थ, लांबी आणि सूर यांवर ठरतो. दाबल्यावर सूर किती चढणार हे या दर चौरस मिलिमीटरच्या ताणावर अवलंबून असतं. तेव्हा जाड तारेनं फडफड थांबते, बोटाला आधार मिळतो, पण चढणारा सूर त्यानं उतरत नाही.

मग कशानं उतरतो? एक, तारा फ्रेटच्या जवळ आणून. ब्रिजवरचा सॅडल थोडा घासून घेतला, नटच्या खाचा योग्य खोल केल्या, की तार कमी ताणली जाते. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावं. दोन, सूर चढवून, म्हणजे आपली तिसरी वाट. तीन, खालच्या तीन गुंडाळलेल्या तारांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्यांत ताण घेतो आतला नायलॉनच्या धाग्यांचा गाभा, आणि वजन देते वरची तांब्याची गुंडाळी. तिथे गाभा तोच ठेवून गुंडाळी जड केली तर दोन्ही साधतं. आखूड संचांतल्या खालच्या तारा अशा करता येतात. म्हणून खरेदीत कंजूषी करायचीच असेल तर वरच्या तीन तारांत करा. खालच्या तीन आखूड लांबीसाठी बनवलेल्याच घ्या.

आणि एक मर्यादा मान्य करावी लागेल. छोट्या पोटाची गिटार सर्वांत खालच्या तारेचा खर्ज मोठ्या गिटारीसारखा देणार नाही, कुठलीही तार लावा. तो प्रश्न तारेचा नाही, पोटातल्या हवेचा आहे.

प्रश्नोत्तरांतून

एका पालकांनी विचारलं, ‘मुलीची बोटं मऊ आहेत, म्हणून लाइट टेन्शनच्या तारा घेऊ का?’ ताई, लांबी कमी आहे म्हणजे तारा आधीच हलक्या झाल्यात. त्यात पाकिटावरचं लाइट म्हणजे सैलात सैल. बोट दुखतं ते बहुतेक वेळा तारा फ्रेटपासून उंच असल्यामुळे. आधी उंची बघा. तार हार्ड असली तरी चालेल.

दुसरा प्रश्न स्टीलच्या तारांचा. ‘आवाज मोठा येईल म्हणून लावल्या तर?’ कृपा करून लावू नका. स्टीलच्या नेहमीच्या हलक्या संचाचा पूर्ण लांबीवरचा ताण 70 किलोच्या पुढे जातो, नायलॉनच्या जवळपास दुप्पट. क्लासिकल गिटारीचा ब्रिज उखडतो किंवा पोट फुगतं. आखूड लांबीनं हा ताण थोडा कमी होईल, पण गिटार त्यासाठी बांधलेलीच नाही.

एका भगिनींनी विचारलं, ‘मी पन्नाशीची आहे, हात लहान आहेत. छोटी गिटार घेतली तर लोक खेळणं म्हणतात.’ म्हणू देत. अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीचा दाखला दिलाय. ती पट्टी शिशाची होती, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. नियम सर्वांना सारखा असला तरी तो लावताना समोरचं प्रकरण बघावं लागतं, हे सांगायला त्यानं ती पट्टी वापरली. 650 हे एका कारागिराचं उत्तम माप आहे, मानवी हाताची व्याख्या नव्हे. तुम्ही 610 ची घ्या, हार्ड संच लावा. ताण नव्वद टक्क्यांच्या वर राहील आणि तुमची करंगळी पोहोचेल.

शेवटी कामाचा क्रम सांगून थांबतो. लांबी मोजा. कुठल्या सुरात आणि कुणाबरोबर वाजवायचं ते ठरवा. 630 च्या वर असेल तर नेहमीचाच संच. 580 ते 630 मध्ये हार्ड किंवा एक्स्ट्रा हार्ड संच, किंवा सूर वर. 580 च्या खाली आखूड संच, आणि तिसरी तार शक्यतो कार्बनची. नव्या नायलॉनला स्थिरावायला काही दिवस लागतात, तोवर रोज सुरात लावत राहा. आणि एवढं सगळं करून झाल्यावरही सूर लागला नाही, तरच मुलाच्या बोटांविषयी बोला. माझा अंदाज आहे, तशी वेळ येणार नाही.